येईन की, न यायला काय झालं?

परवा एसटीत मागच्या सीटवरून फोनवरचं एक वाक्य कानावर पडलं आणि उतरल्यावरही डोक्यातून गेलं नाही. "येईन की, न यायला काय झालं?" पलीकडून कुणीतरी बारशाला किंवा वास्तुशांतीला बोलावत असावं. शब्द सगळे होकाराचे होते. तरी आसपासच्या सगळ्यांना कळलं असणार, की ही बाई बहुधा जाणार नाही, आणि गेलीच तर शेवटच्या पंगतीला पोचून हातात पाकीट ठेवून निघेल. साध्या होकाराला 'येईन' एवढं पुरतं. कोल्हापूर-सांगलीकडे 'की' प्रेमानं येतो. 'ये की', 'बस की', 'खा की' असा तो आज्ञेला चिकटतो आणि आग्रह वाढवतो. तोच 'की' भविष्यकाळाला चिकटला आणि आवाज थोडा चढा असला, की विचारणाऱ्यानं आपल्यावर शंका घेतली असं बोलणाऱ्यानं धरलेलं असतं. त्यात भर 'न यायला काय झालं'ची. काही झालंय असं कुणी म्हटलेलंच नसतं. ज्याच्या मनात खरंच काही नाही, तो कारणाचा विषय काढत नाही.

बोलावणाऱ्याचं वाक्य ऐकू आलं नव्हतं, पण ते 'येशील ना?' असं असणार, 'येशील का?' असं नसणार. या दोन प्रश्नांत एका अक्षराचा फरक आहे आणि पुढचं बरंच काही त्या अक्षरावर ठरतं. 'का'ला हो आणि नाही ही दोन्ही उत्तरं चालतात. 'ना' म्हटलं की उत्तर आधीच देऊन टाकलेलं असतं, समोरच्यानं फक्त मान हलवायची. 'यायचंच हं', 'नाही म्हणू नकोस', 'तुझ्याशिवाय व्हायचं नाही' हे त्याच्याही पुढचे. अशा प्रश्नापुढे 'मला जमणार नाही' म्हणणं उद्धटपणाचं दिसतं, म्हणून माणूस होकार देतो आणि त्या होकारात 'की' घालतो. माणसाला नाही म्हणायची मोकळीक द्यायची असेल, तर 'जमेल का बघ, आणि नाही जमलं तरी कळव' हे सगळ्यात चांगलं वाक्य आहे. आणि होकार खरा की वरवरचा हे तपासायचं असेल, तर त्यात वेळ आहे का ते बघावं. 'गुरुवारी साडेदहाच्या गाडीनं येते' हा होकार. 'मध्ये येऊन जाईन एकदा' हा नव्हे. त्यातला 'एकदा' कॅलेंडरवर कुठेच नसतो आणि 'जाईन'मध्ये ती व्यक्ती येण्याआधीच परत निघालेली असते.

मराठीत नाखुशी बहुतेक वेळा माणूस करत नाही, ती त्याच्याकडे येते. मला कंटाळा येतो, वीट येतो, उबग येतो, जिवावर येतं. वाक्यात 'मी' उरत नाही, 'मला' उरतो. पण हे येणारे पाहुणे सारखे नाहीत, आणि घरात रोज बोलताना आपण त्यांच्यात चूक करत नाही. जिवावर येणं हे कामाच्या आधीचं असतं आणि काम सुरू झालं की बहुधा संपतं. थंडीत पहाटेची आंघोळ जिवावर येते, पहिला तांब्या अंगावर पडला की ती गोष्ट मागे पडते. कंटाळा आधीही येतो, मध्येही येतो, काम सुरू झाल्यावर वाढूही शकतो. वीट यायला आधी भरपूर व्हावं लागतं. चार दिवस ओळीनं दुधीची भाजी खाल्ल्याशिवाय तिचा वीट येत नाही. पहिल्याच दिवशी 'वीट आला' म्हणणाऱ्याला दुधी मुळातच आवडत नसतो. उबगाला आणखी वेळ लागतो, वर्षंसुद्धा. नोकरीचा, गावाचा, एखाद्या नात्याचा उबग येतो. भाजीचा येत नाही. आणि 'नकोसं होणं' हे कामापेक्षा माणसांच्या बाबतीत जास्त बोललं जातं, म्हणून ते ऐकणाऱ्याला सगळ्यात जास्त लागतं.

याच जागी मराठीची एक फार बारीक सोय आहे आणि ती हातातून निसटते आहे याचं मनापासून वाईट वाटतं. 'मी जाऊ शकत नाही' म्हणजे गाडी नाही, रजा नाही, गुडघा दुखतोय. 'मला जाववत नाही' म्हणजे गाडी दारात उभी आहे, रजा मिळालेली आहे, आणि तरी पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. खाववत नाही, बघवत नाही, सांगवत नाही, उठवत नाही. शाळेच्या व्याकरणात यांना शक्य क्रियापदं म्हणतात आणि 'त्याला आता चालवतं' अशी उदाहरणं देतात, त्यामुळे ती फक्त शरीराच्या ताकदीबद्दलची वाटतात. पण इस्पितळात खिळून पडलेल्या मित्राला भेटायला न जाणारा माणूस 'मला तिकडे जाववत नाही' म्हणतो तेव्हा तो अंगातल्या बळाबद्दल बोलत नसतो. त्याची भीती, लाज आणि माया ही तिन्ही त्या एका क्रियापदात आलेली असतात, आणि ऐकणाऱ्याला ती कळतात. हल्ली निरोपांत सरसकट 'येऊ शकत नाही' लिहिलं जातं. मग वाचणारा रजेचं विचारतो, गाडीचं विचारतो, 'मी घ्यायला येऊ का' विचारतो, आणि लिहिणाऱ्याला खोटी कारणं जुळवत बसावं लागतं.

'लागणं'ही असंच आहे. 'मला गेलं पाहिजे' म्हणणारा स्वतःला बजावत असतो. 'मला जायला हवं' म्हणणाऱ्यानं कर्तव्य मान्य केलेलं असतं. 'मला जावं लागतं' म्हणणाऱ्यानं ते कुणाच्या तरी माथी मारलेलं असतं, आणि ते कुणाच्या हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. शेवटी 'टाकणं' येतं: 'भेटून टाकतो एकदाचं.' प्रिय गोष्टीला हे क्रियापद लागत नाही. नातवाला भेटून टाकते असं कुठली आजी म्हणणार नाही.

आढेवेढे मात्र येत नाहीत. ते घेतात.

आणि घेतात याचा अर्थ ते कुणाला तरी दाखवण्यासाठी असतात. पंगतीत पहिला 'नको' हा रीत म्हणून असतो, दुसरा 'नको' वाढणाऱ्याची तयारी बघायला, आणि 'बरं, अर्धीच वाढा' हा होकार. वाढणाऱ्याच्या हातात खरं-खोटं ओळखायची खूण असते. ज्याला आणखी हवंय तो तळहात पानावर उंच धरतो आणि बोटं फाकलेली असतात; मधून पोळी पडायला वाव असतो. ज्याचं पोट खरंच भरलंय तो दोन्ही हात पानावर आडवे घालतो, पुढे वाकतो आणि वाढणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतो. नव्या नवरीला नाव घ्यायला सांगितल्यावर ती पदर सावरते, 'मला येत नाही' म्हणते, आणि तिचा उखाणा आठवडाभर आधी पाठ झालेला असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गाणाऱ्याचा घसा बसलेला असतो तो चार जणांनी 'अहो गा हो' म्हणेपर्यंत. आढेवेढ्यांना मापही आहे. दोनदा-तीनदा शोभतात. पाचव्यांदा विचारावं लागलं तर त्यांचं 'भाव खाणं' होतं, आणि एकदाही 'नको' न म्हणता ताट पुढे केलं तर घरी गेल्यावर 'अधाशी' हा शब्द निघतो.

यात चुकतं ते रीत एका बाजूलाच माहीत असते तेव्हा. परदेशात वाढलेली आपली मुलं पाहुण्याला एकदा विचारतात, 'नको' ऐकतात आणि भांडं आत नेऊन ठेवतात. पाहुण्याच्या शब्दाला मान द्यायचा, हे त्यांनी शिकलेलं असतं, आणि ते चांगलंच शिकलेलं असतं. इकडे भारतातून गेलेली आत्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसते, अर्धपोटी उठते, आणि परत आल्यावर वर्षभर 'तिथे कुणी विचारत नाही बाई' असं सांगते. दोन्हीकडे कुणाचं काही वाकडं नसतं, तरी तेढ पडते. या बाबतीत आत्यानं पहिल्या फेरीलाच खरं सांगावं हे बरं, कारण मुलांनी एक रीत जन्मभर चुकवण्यापेक्षा आत्यानं ती महिनाभर सोडणं सोपं आहे.

काम टाळण्याचे शब्द तुलनेनं सरळ आहेत. टंगळमंगळ करणारा कामाच्या जागी हजर असतो आणि हात दुसरीकडे असतात. चालढकल करणारा तारीख पुढे नेत असतो. टाळाटाळ करणारा समोर येणंच चुकवतो. अंगचोर माणूस काम करतो, फक्त ओझ्याची जड बाजू दुसऱ्याकडे जाईल अशा बेतानं उभा राहतो. कचेरीच्या कागदावर या सगळ्यांच्या जागी 'असमर्थता व्यक्त केली' हा एकच शब्दप्रयोग येतो, आणि वाचणाऱ्याला खरंच अडचण होती की मन नव्हतं हे कळायला मार्ग उरत नाही.

खरी श्रीमंती आवाजाच्या शब्दांत आहे. नाखुशी तोंडातून बाहेर पडताना जो आवाज करते त्याला मराठीनं वेगवेगळी नावं दिली, आणि प्रत्येक नावात अंतर, वेळ आणि ऐकणारा ठरलेला आहे. पुटपुटणं ओठांत होतं आणि ते समोरच्याला ऐकू जाऊ नये अशी इच्छा असते. निदान शब्द कळू नयेत अशी. कुरकुर ऐकू जावी म्हणूनच असते, पण बेताच्या आवाजात, काम करता करता. भुणभुण म्हणजे तीच गोष्ट त्याच कानाशी पुन्हा पुन्हा. तणतण बसून होत नाही, तिला चालावं लागतं. माणूस तणतणत या खोलीतून त्या खोलीत जातो. फणफणणाऱ्याची पाठ दाराकडे वळलेली असते. आदळआपट भांड्यांची, दारांची, कपाटाच्या खणांची, आणि तिच्यात शब्द जवळजवळ नसतात. चडफड एकट्याची असते, आणि ज्याच्यावर राग आहे त्याचं काही करता येत नाही म्हणून होते. धुसफूस एकट्याला करता येत नाही. ती जावाजावांत असते, भागीदारांत असते, एका पक्षातल्या दोन गटांत असते, आणि बाहेरच्यानं विचारलं तर दोन्हीकडून 'तसं काही नाही' असं उत्तर येतं.

या सगळ्यांत कुरकुरीची बाजू घ्यावीशी वाटते. तिला उगीच वाईट समजलं जातं. जी सून, जो धाकटा भाऊ, जो कारकून कुरकुर करतो, तो काम करत असतो हे विसरलं जातं. कुरकुरणारा काम सोडत नाही, फक्त या कामाची किंमत आहे हे ऐकवत राहतो. बैलगाडीच्या चाकाला वंगण कमी पडलं की ते कुरकुरतं आणि गाडीवान उतरून बघतो. घरात मात्र 'किती कुरकुर करतेस' म्हणून तो आवाज बंद करायची घाई असते. तो बंद होतोही. मग एक दिवस पलीकडून वाक्य येतं:

"राहू दे, मीच करते."

यातला 'राहू दे' एकटा असता तर मायेचाही असू शकला असता. दमून आलेल्या मुलाच्या हातातली बादली घेताना आई 'राहू दे' म्हणते तेव्हा त्यात दुसरं काही नसतं. 'मी करते' सुद्धा साधं आहे. सगळा भार त्या 'च'वर आहे. 'मीच' म्हणजे दुसरं कुणी करणार नाही हे मला माहीत आहे, पूर्वीही कुणी केलं नव्हतं, आणि मी त्याचा हिशोब ठेवलाय. या वाक्याला उत्तर नाही. 'अगं थांब, मी करतो' म्हटलं तर उशीर झालेला असतो, आणि गप्प बसलं तर 'मीच' खरा ठरतो. याच्या जोडीला सर्वनामं बदलतात. एरवी 'मी' म्हणणारी व्यक्ती 'आम्ही' म्हणू लागते: 'आम्हाला कोण विचारतंय', 'आमचं काय, आम्ही करू'. लेकीला जन्मभर 'तू' म्हणणारी आई एकदम 'तुम्ही मोठ्या झालात आता' म्हणते. मान वाढला की माया कमी झाली, हे मराठी मुलाला बोलायला लागायच्या वयातच कळतं. आणि अबोला धरलेल्या घरात तर माणसाचं नावच वाक्यातून निघून जातं. 'कुणाला जेवायचं असेल तर पान वाढलंय.' खोलीत दुसरं एकच माणूस असतं. वाढणारीही वाक्यात नसते, पान आपोआप वाढलेलं असतं. तरी भाजी गरम असते आणि लिंबाची फोड ठेवलेली असते. या गोष्टीकडे बघताना राग कुठे संपतो आणि काळजी कुठे सुरू होते हे सांगणं अवघड आहे. बहुतेक दोन्ही एकाच ताटात असतात.

रुसव्याला कुणीतरी समजूत काढणारं लागतं. कुणी येणारच नसेल तर रुसता येत नाही, तेव्हा माणूस नुसता कुढतो. म्हणून रुसवा परक्यावर होत नाही. पंढरपूरला विठ्ठल आणि रुक्मिणी यांचे गाभारे वेगवेगळे आहेत. रुक्मिणी द्वारकेहून रुसून दिंडीरवनात येऊन राहिली आणि देव तिची समजूत काढायला मागोमाग आला, ही कथा वारकऱ्याला सांगावी लागत नाही. महाराष्ट्राचं दैवत या गावी आलं ते एका रुसव्यामागून, ही गोष्ट लोकांनी किती सहज स्वीकारली आहे! लग्नघरातला जावयाचा रुसवा, विहीणबाईंचा मानपानाचा रुसवा हे याच घराण्यातले, फक्त तिथे काढणाऱ्याला खर्च येतो. पण रुसव्याची दुसरी बाजूही लोकांनीच गाऊन ठेवली आहे. भोंडल्याच्या एका गाण्यात रुसलेल्या सासुरवाशिणीला आणायला सासू, सासरे, दीर, जाऊ, नणंद एकेक करून जातात, प्रत्येक जण काही ना काही देऊ करतो आणि ती प्रत्येकाला नाही म्हणते. शेवटी नवरा जातो. काही पाठांत तो लाल चाबूक घेऊन जातो आणि ती 'हवा' म्हणून निघते. काही पाठांत चाबकाच्या जागी मंगळसूत्र आलं आहे. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून सात-आठ वर्षांच्या मुली हे हसत गातात, खिरापतीकडे लक्ष ठेवून. गाणं गोड आहे, चाल कानात बसते, आणि चाबकाच्या ओळीला दरवेळी अंगावर शहारा येतो. तो चाबूक बदलला हे चांगलं झालं असं वाटतं, आणि तो गाण्यात होता हे विसरलं जाऊ नये असंही वाटतं.

वर्तमानपत्रांनी रुसव्याला राजकारणात नेलं. मंत्रिमंडळाचा विस्तार झाला की रुसवेफुगवे, नाराजीनाट्य, खदखद हे शब्द मथळ्यात येतात, आणि फोन बंद ठेवलेला आमदार 'नॉट रिचेबल' होतो. मनधरणी करणारा दूत जातो, एखादं महामंडळ कबूल होतं. इथे राजकारणातल्या माणसांनी एक गोष्ट अचूक ओळखली आहे: नाराजी चारचौघांत सांगितली तर तिचं काहीतरी होतं. 'नाराज' शब्दातला 'ना' फारसीतून आला. नाखूश, नापसंत, नाइलाज ही सगळी त्याच दरबारातून आलेली भावंडं आहेत. त्यांना अजूनही अर्जाचा वास आहे. घरात बायको 'मी नाराज आहे' म्हणत नाही. म्हणालीच तर नवऱ्यानं हातातलं काम ठेवून बसावं.

इथवरचं सगळं बाहेर दिसणारं होतं. यापुढचे शब्द आतले आहेत, आणि त्यांची क्रियापदं बदलतात. राग येतो तोवर माणसाचा त्यात हात नसतो. राग धरला की असतो. दात धरतात, आकस ठेवतात, खार खाऊन असतात, डूख धरतात. डूख सापाचा. मारणाऱ्याचा चेहरा साप लक्षात ठेवतो ही समजूत खोटी आहे हे सर्पमित्र सांगून दमले, सापाला तशी आठवण नसते. डूख धरणारा प्राणी माणूस आहे. सापावर तो उगाच घातला. या सगळ्यांत अढीचं वेगळं आहे. ती कुणी धरत नाही, ती बसते. कोकणात अढी म्हटलं की आधी आंबा आठवतो. कोरड्या खोलीत भाताच्या पेंढ्याचा थर घालतात, त्यावर तयार झालेले हिरवे आंबे एकाशेजारी एक मांडतात, वर पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. आठ-दहा दिवस आत ऊब धरते, बाहेरून गवताशिवाय काही दिसत नाही. मधून मधून हात घालून चाचपावं लागतं आणि डागाळलेला आंबा काढावा लागतो, नाहीतर तो शेजारच्यांना घेऊन जातो. मनातली अढी अशीच बंद जागी, उबेत, वर नेहमीच्या वागण्याचं गवत पसरलेलं असताना तयार होते. बसली कधी हे विचारलं तर कुणाला तारीख सांगता येत नाही. फार तर एखादा प्रसंग सांगतात, आणि तो ऐकताना इतका लहान वाटतो की सांगणाराच अर्ध्यात थांबतो: लग्नात आहेराची साडी बदलून दिली, फोटोच्या वेळी हाक मारली नाही, आजारपणात सगळे येऊन गेले आणि एकच माणूस आला नाही.

संपण्याची क्रियापदंही प्रत्येकाला वेगळी मिळाली आहेत. राग उतरतो किंवा निवतो, नुसता वेळ गेला तरी. रुसवा काढावा लागतो, तो आपोआप जात नाही. अबोला सुटतो, आणि सुटायला निमित्त पुरतं: संक्रांतीला समोरचा तिळगूळ घेऊन दारात उभा राहिला, दसऱ्याला आपट्याचं पान हातावर ठेवलं, लहान मुलाला ताप आला. पण अबोला सुटला म्हणजे अढी गेली असं नव्हे, आणि वर्षाच्या सणाला तोंडभर गोड बोलणारी दोन घरं तिळगुळानंतर पुन्हा कामापुरतीच बोलताना दिसतात. सल राहतो, त्याला दुसरं क्रियापद फारसं लागतच नाही.

बांधावरून भांडलेले चुलतभाऊ एकमेकांच्या दारात वर्षानुवर्षं पाय ठेवत नाहीत. बांध कोरून वीतभर सरी वाढवली एवढं मूळ असतं, मग मोजणी, मग कोर्टाची तारीख. पण एका घरात कुणी गेलं की दुसऱ्या घराला सुतक लागतं. इथेही 'लागतं'च. विचारून लागत नाही, बोलाचाली बंद आहे म्हणून सुटत नाही. तोही दहा दिवस देवपूजा बंद ठेवतो, तिरडीला खांदा देतो, लाकडं किती आणायची हे त्याच भावाशी बोलतो ज्याच्याशी तो बोलत नाही. बायका पडवीत बसलेल्या असतात आणि सगळ्यांचं लक्ष एका गोष्टीकडे असतं: त्यानं या घरचं पाणी घेतलं का. 'आला होता, पण पाण्याला शिवला नाही' ही एक बातमी आणि 'चहा घेऊन गेला' ही दुसरी. पहिली बातमी असेल तर कोर्टाची तारीख चालू राहते. दुसरी असेल तर तेराव्यानंतर कुणीतरी वडीलधारा मध्ये पडतो, बांधावर पुन्हा दगड रोवायचं ठरतं. माफ केलं, विसरलो, मन साफ झालं, यातलं कुणी काही म्हणत नाही. पुढे गावात कुणी विचारलं तर एवढंच सांगतात, की त्यांच्यात आता येणं-जाणं आहे.